राखी पाखरू

आमच्या आरमोरीच्या पट्ट्यात टसरला कोसा म्हणतात. ऐनाच्या झाडावर अळ्या सोडायच्या, पक्ष्यांपासून नि मुंग्यांपासून राखायच्या आणि महिना-सव्वा महिन्यानं कोसे उतरवायचे. आम्ही ढिवर. बोडीत मासळी अन् जंगलात कोसा, दोन्हीवर पोट. बहुतेक कोसे उकळत्या पाण्यात जातात आणि आतला जीव आतच मरतो. बियाण्यासाठी राखलेल्या कोशांतूनच काय ते पाखरू बाहेर येतं.

पावसाळ्याच्या तोंडी, दिवेलागणीला ही पाखरं निघत. तोंडातल्या द्रवानं कोशाचं देठाकडचं टोक मऊ करून ओलं, चुरगळलेलं अंग बाहेर काढायचं. मग पंख हळूहळू भरत जात. चारही पंखांवर एकेक डोळा. डोळ्याच्या मधोमध पारदर्शक खिडकी, अभ्रकाच्या तुकड्यासारखी. तिच्यातून कंदिलाचा उजेड आरपार दिसे. भोवती तांबूस-काळसर कडी. नराचा रंग बहुधा विटकरी, मिशा रुंद, पिसासारख्या. माद्या मात्र एकाच खेपेच्या कोशांतून दोन तऱ्हेच्या निघत. काही हळदीसारख्या पिवळ्या, काही चुलीतल्या राखेसारख्या.

आबाजीला पिवळी मादी आवडे. राखी दिसली की तो म्हणायचा, "हे मातकट बाजूला ठेव. रोगट असते." त्याच्या बापानंही असंच केलेलं.

बाजूला ठेवायचं काम आत्याकडं होतं. आत्या रंगानं सावळी. तीन जागी पाहुणे येऊन चहा-पोहे खाऊन गेले, एका जागच्या बाईनं तर अंगणातच म्हटलं, "पोरगी कामाची दिसते, पण रंग..." आत्या तेव्हा माद्यांचे पंख कापत बसली होती. जोडा सुटला की मादीचे पंख कापून तिला गाडग्यात ठेवतात, म्हणजे ती न फडफडता अंडी देते. पाखराला खायला तोंडच नसतं. आठवडाभर जगायचं, अंडी द्यायची, संपायचं. आत्याच्या पायाशी पंखांचा ढीग साचे, त्यातून ते डोळे बघत राहत. बोटांना पंखांची पूड लागलेली असे, पिवळी नि राखी, दोन्ही. बाजूला काढलेल्या राखी माद्या ती टाकत मात्र नसे. परसातल्या एका गाडग्यात त्यांचीही अंडी घेई.

एका साली आमचं पीक बसलं. अळ्या खायच्या थांबल्या, अंगावर काळे ठिपके आले, फांदीवरच वाळून गेल्या. सगळं बियाणं पिवळ्याच माद्यांचं होतं. घरात दोन महिने उधारीचे तांदूळ शिजले.

पुढल्या हंगामात बीजकेंद्रावर शिबिर होतं. बाबा आत्याला सोबत घेऊन गेले. अंडी देऊन झालेली मादी वाटून, त्याचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. तांदळाच्या कणीसारखे चमकणारे बारीक दाणे दिसले तर पेब्रिन. हा रोग आईच्या पोटातून अंड्यात उतरतो, म्हणून त्या मादीची सगळी अंडी जाळून टाकायची. रेशमाच्या किड्यासाठी ही तपासणी फ्रान्समध्ये लुई पाश्चरनं 1860 च्या दशकात सुरू केली, तीच आमच्या कोशापर्यंत आली.

आत्यानं घरून दोन माद्या नेल्या होत्या. पिवळी भरदार होती. तिच्या थेंबात दाणेच दाणे. राखीचा थेंब स्वच्छ.

घरी आल्यावर तिनं पाय धुतले आणि आबाजीसमोर बसली. "बाबाजी, रोग पंखात नाही राहत. पोटात राहते. पिवळीच्याही राहते, राखीच्याही राहते. पाहल्याबिगर समजत नाही."

आबाजी तंबाखू मळत राहिला. खूप वेळानं म्हणाला, "मंग मातकटही घे, पाहून घे." त्या सालापासून राखी माद्यांची गाडगी परसातून ओसरीवर आली, पिवळ्यांच्या रांगेत.

मी पुढं रानात या माद्या न्याहाळल्या. राखी मादी ऐनाच्या सालीवर बसली तर दिसत नाही आणि पिवळी पिकल्या पानात हरवते. दोघींचा कोसा उकळला तर धाग्याला गिऱ्हाईक तोच भाव देतो.

आत्याच्या लग्नाचं पुढं जमलं नाही. नंतर तिनंच पाहुणे बोलावू दिले नाहीत. पण आजूबाजूच्या पाच-सहा गावांतले लोक हंगामात माद्या डबीत घालून तिच्याकडं घेऊन येत. ती चष्मा वर सारून भिंगाला डोळा लावायची. डबीतल्या मादीचा रंग कोणता, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही.