न झालेली शिट्टी

मी आळशी आहे. पण साधीसुधी नाही, ऑर्गनाइज्ड आळशी! एकच काम तिसऱ्यांदा करायची वेळ आली की माझं डोकं फिरतं. मग ते कॉम्प्युटरच्या गळ्यात कसं मारता येईल, याच्या मागे मी हात धुऊन लागते. दहा मिनिटांचं काम वाचवायला दोन तास घालवते, हा भाग वेगळा!

फ्रीलान्सिंग सुरू केल्यावर तर हे व्यसनच लागलं. लेख पाठवला की शीटमध्ये तारीख टाकायची, पंधरा दिवसांनी बिलाची आठवण करणारं मेल आपोआप तयार. कॅलेंडरमध्ये 'इंटरव्ह्यू' लिहिलेलं असेल त्या वेळात फोन आला, तर समोरच्याला मेसेज आपोआप जाणार, 'कामात आहे, नंतर फोन करते.' एकदम सही!

फंडा सिंपल आहे. 'हे झालं, की ते कर.' यातलं 'हे झालं' म्हणजे ट्रिगर. आयएफटीटीटी नावाच्या सर्व्हिसचा फुलफॉर्मच मुळी 'इफ धिस, देन दॅट' असा आहे. ट्रिगरच्या मुख्य जाती दोन. एक घड्याळावर चालणारी, म्हणजे सकाळी सहाचा अलार्म. युनिक्स कॉम्प्युटरवर 'क्रॉन' हे काम १९७०च्या दशकापासून करतंय. दुसरी जात घटनेवर चालणारी. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद कर. आपण सगळे लहानपणापासून ट्रिगरवर चालतोय, फक्त त्याला वर्कफ्लो म्हणत नव्हतो इतकंच!

तर झालं असं, की गेल्या वर्षी बाबांना बीपी निघालं. बाबा साताऱ्यात, मी पुण्यात. डॉक्टरांनी सांगितलं, रोज सकाळी मोजा, लिहून ठेवा, वरचा आकडा दीडशेच्या पुढे गेला तर कळवा. बाबांनी जुनी डायरी काढली. मी म्हटलं, "डायरी काय बाबा! मी सिस्टीम लावून देते."

आणि लावलीच. गुगल फॉर्म बनवला, त्याचं शॉर्टकट बाबांच्या मोबाइलच्या पहिल्याच स्क्रीनवर ठेवलं. बाबांनी फॉर्म भरला की तो आकडा शीटमध्ये येणार. फॉर्म सबमिट होणं हा ट्रिगर. तो लागला की माझी छोटीशी स्क्रिप्ट आकडा तपासणार आणि दीडशेच्या वर असेल तर मला मेल पाठवणार. असा ट्रिगर ज्याने लावला, त्याच्याच अकाउंटवरून चालतो. म्हणजे साताऱ्यात बाबा बटण दाबणार आणि पुण्यात माझ्या नावाने काम होणार. मला स्वतःचाच जाम अभिमान वाटला.

पहिला दणका आठवड्यातच बसला. सहज शीट उघडलं, तर एके दिवशीचा आकडा होता एकशे बासष्ट. आणि मला मेल नाही! तासभर डोकं खाजवल्यावर लक्षात आलं, बाबांच्या मोबाइलचा कीबोर्ड मराठी. त्यांनी आकडे देवनागरीत टाकले होते. जावास्क्रिप्टला देवनागरी आकडे हा आकडाच वाटत नाही. तिच्या लेखी ती नुसती अक्षरं. 'हे दीडशेपेक्षा मोठं आहे का?' असं विचारलं की ती शांतपणे 'नाही' म्हणते आणि पुढे जाते. एरर नाही, बोंबाबोंब नाही. मी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलणाऱ्या दोन ओळी वाढवल्या, डॉक्टरांना कळवलं, त्यांनी गोळी बदलली. प्रॉब्लेम सॉल्व्ह्ड!

खरं तर तिथेच मला थोडं टेन्शन यायला हवं होतं. सिस्टीम गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं नसतं, हे तिने मला फुकटात शिकवलं होतं. पण मी खुशीत होते. आणि त्या खुशीत एक गोष्ट हळूच बदलली. पूर्वी मी एक दिवसाआड घरी फोन करायचे. "बीपी काय म्हणतंय?" पासून सुरू झालेला फोन गल्लीतल्या भांडणापर्यंत जायचा. आता बीपी तर मला कळत होतंच. मेल नाही म्हणजे बाबा ओके. फोन आठवड्यावर गेला, मग पंधरा दिवसांवर.

एका दुपारी पासपोर्टच्या कामासाठी जन्मदाखल्याची झेरॉक्स हवी होती, म्हणून फोन लावला. आईने उचलला. म्हटलं, "बाबांना दे ना." आई म्हणाली, "ते कुठले आता घरी? संगम माहुलीला गेलेत. आज काकांचा दहावा नाही का!"

काका म्हणजे शेजारचे काका. बाबांचे वीस वर्षांचे मॉर्निंग वॉकचे पार्टनर. रोज पहाटे दोघं चार भिंतीपर्यंत चढून जायचे आणि येताना राजकारणावर भांडत यायचे. काका गेले होते, आणि मला पत्ताच नव्हता.

"मला सांगितलं का नाही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"अगं, बाबांनी त्याच दिवशी केला होता तुला फोन. तुझा मेसेज आला, कामात आहे, नंतर करते म्हणून. ते म्हणाले, करेल सवडीने." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला वाटलं, तुला तिकडे रोज सगळं दिसतंय ना मोबाइलवर. दहा दिवस त्यांनी मशिनला हात लावला नाही. तुला कळलंच असेल."

मला काही बोलता येईना. बाबांचा मिस्ड कॉल मी पाहिला होता. पण मेसेज गेलाय म्हणजे उत्तर दिलंय, असंच डोक्यात बसलं होतं. मी एक अक्षर न लिहिता माझ्या बापाला 'नंतर' म्हणाले होते.

फोन ठेवून शीट उघडलं. शेवटची नोंद दहा दिवसांपूर्वीची. त्याखाली नुसत्या रिकाम्या ओळी. माझी स्क्रिप्ट कुठेही चुकली नव्हती. फॉर्म आला की आकडा बघ, एवढंच तिला सांगितलेलं. फॉर्मच आला नाही, तर ती जागी होणार कशी? घटनेवर चालणारा ट्रिगर घटना झाली तरच चालतो. काहीच न होणं ही त्याच्या लेखी घटना नसते.

हे कळायला मला स्क्रिप्टची गरजच नव्हती. आई कुकर लावून बाहेर बसते तेव्हा कान शिट्टीकडे असतात. पण दहा मिनिटं होऊनही शिट्टी झाली नाही, तर ती हातातलं काम टाकून आत धावते. पाणी घालायचं राहिलं असेल, रिंग नीट बसली नसेल. झालेल्या शिट्टीपेक्षा न झालेली शिट्टी तिला जास्त ऐकू येते.

त्या रात्रीच्याच बसने साताऱ्याला गेले. बाबा फार काही बोलले नाहीत. सकाळी मीच म्हटलं, चला. चार भिंतीपर्यंत दोघं चढलो. राजकारणावर मला भांडता येत नाही, पण प्रयत्न केला.

परत आल्यावर सिस्टीम मोडली नाही, दुरुस्त केली. आता दुसरा ट्रिगर आहे, घड्याळावरचा. रोज रात्री नऊच्या सुमारास तो शीट बघतो. आजची नोंद नसेल तर मेल पाठवतो. आधी वाटलं होतं, मेसेज थेट बाबांनाच पाठवावा, 'कृपया आजचं रीडिंग भरा.' अर्धं टाइप करून खोडून टाकलं. मेल मलाच येतं. त्यात दोनच शब्द आहेत, 'फोन कर.' आणि इंटरव्ह्यूवाल्या मेसेजच्या यादीतून घरचे दोन्ही नंबर काढलेत. त्यांचा फोन आता नुसता वाजतो. उचलायचा की नाही, ते माझं मला ठरवावं लागतं. उचलतेच.

हल्ली महिन्यातून दोन-तीनदा रात्री ते मेल येतंच. मी फोन करते, अर्धा तास गप्पा होतात. परवा आईला म्हटलं, "बाबा फार विसरायला लागलेत गं, डॉक्टरांना सांगायला हवं."

"कसले विसरतायत," आई म्हणाली. "सकाळीच मोजून डायरीत लिहिलंय. फॉर्म तेवढा भरला नाही."