रिकाम्या जागेचे माहात्म्य

काटकसर हा आम्हा मध्यमवर्गीयांचा कुलधर्म आहे. पोस्टकार्डाच्या समासातही चार ओळी बसविल्यावाचून ज्यांचे समाधान होत नसे, अशा पिढीच्या हाताखाली मी वाढलो. साहजिकच, मोकळी सोडलेली जागा दिसली की माझ्या जिवाला चुटपुट लागते. संगणकाच्या जाणकारांनी मात्र जागा रिकामी सोडण्याचे एक शास्त्रच बनविले आहे!

माझा पुतण्या येथेच, विश्रामबागेत, १९४७ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो. आपण कादंबरी वाचावी तशी तो लिनक्स या कार्यप्रणालीची संहिता वाचतो. तीत एका आकड्यापाशी अशी खूण होती, की हा आकडा नव्या ओळीच्या आरंभीच मांडावा. आकडा अवघा चार बाइटांचा, आणि त्यामागे साठ बाइट मोकळे राहण्याची तयारी! ‘ही उधळपट्टी कशासाठी?’ असे मी विचारताच तो हसून म्हणाला, ‘काका, तुमची आणि काकूची हिशेबाची वही एकच आहे ना?’

त्याचे म्हणणे असे. प्रोसेसरला मुख्य स्मृती फार लांब पडते. तेथवर एक खेप करावयाची तर त्याचे शंभरावर ठोके वाया जातात. म्हणून तो हाताशी एक लहानसे कोठार बाळगतो. तेच कॅश. या कोठारात माल सुटा येत नाही. आजच्या बहुतेक यंत्रांत ६४ बाइटांचा गठ्ठा, म्हणजे एक कॅश लाइन, एकदम येतो. गठ्ठा नुसता वाचावयाचा असेल, तर प्रत्येक प्रोसेसरजवळ त्याची प्रत खुशाल राहते. परंतु एकाने त्यात अक्षर लिहिले, की इतरांच्या प्रती रद्द होतात.

आमच्या वहीत दुधाचा हिशेब मी लिहितो, वाण्याचा सौभाग्यवती लिहिते. एकमेकांच्या रकान्याला आम्ही हातही लावीत नाही. तरीही वही मात्र दिवसभर माजघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात हेलपाटे घालीत असते. एकाच गठ्ठ्यातील दोन आकड्यांवर दोन प्रोसेसर लिहू लागले, की त्यांचीही हीच गत होते. इंग्रजीत याला ‘फॉल्स शेअरिंग’ म्हणतात. मी त्याला खोटी भागीदारी म्हणेन. उपाय एकच: प्रत्येक आकड्याला स्वतंत्र गठ्ठा द्यावा आणि उरलेली जागा रिकामी सोडावी.

हे ऐकताना माझ्या मनात निराळेच विचार चालले होते. गेल्या वर्षी दादांनी आणि मी एकाच घरात दोन चुली मांडल्या. भांडण असे झालेच नव्हते. माझे कॉलेज सकाळी सातचे, दादांचे पथ्य दहाचे. पण ओटा एक, शेगडी एक, आणि दोन्ही घरच्या गृहिणी एकमेकींची वाट पाहून थकलेल्या. तरी गल्लीत ‘घर फुटले’ असेच बोलले गेले, आणि आईने दोन दिवस अन्नाला स्पर्श केला नाही.

पुतण्याने लगेच बजावले, की सगळेच असे सुटे मांडले तर इवलेसे कोठार पोकळीनेच भरून जाईल. जे नेहमी बरोबर लागते, ते एकाच ओळीत असावे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेल्या परम ८००० या महासंगणकात तर प्रत्येक प्रोसेसरची स्मृतीच वेगळी होती, आणि सारा व्यवहार निरोपांवर चाले. म्हणजे बिऱ्हाडेच निराळी! तेवढ्या थराला आम्हांला जावयाचे नाही. देवघर, वडिलांच्या ग्रंथांचे कपाट आणि रविवारची पंगत आम्ही एकत्रच ठेवली आहे.

आई सकाळी दादांकडे जेवते, रात्री आमच्याकडे. आणि दोन्हीकडे पहिला घास घेताना क्षणभर थांबते. तिला हे ६४ बाइटांचे गणित कसे पटवावे, ते पुतण्यालाही अद्याप सुचलेले नाही.