सरमेचा प्रश्न

महाभारताच्या आदिपर्वात सरमेचे पिल्लू जनमेजयाच्या सत्रात येते. हविर्द्रव्याला ते तोंड लावत नाही, तरी राजाचे भाऊ त्याला मारतात. आपल्या पिल्लाचा अपराध कोणता, असे सरमा विचारते. उत्तर मिळत नाही.

बिडकीनला शेजारी डोबरमनचे पिल्लू आले, तेव्हा ही कथा मला नव्याने उमगली. भाकरी दिसली की ते हर्षाने धावे आणि वाटेतच पाय गळून कोसळे. क्षणभराने उठून पुन्हा शेपूट हलवी. कोणी म्हणाले वारे गेले, कोणी म्हणाले दृष्ट लागली. पशुवैद्यांनी नार्कोलेप्सीची शंका घेतली. विकणाऱ्याने बदली पिल्लू देऊ केले; शेजारच्या काकूंनी ते नाकारले.

डोबरमनमधील या विकाराचे मूळ १९९९ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांना हायपोक्रेटिनच्या ग्राहकाच्या जनुकात सापडले. मेंदूला जागे ठेवणारा निरोप येतो, पण तो घेणारे दारच मिटलेले असते. आईबाप दोघेही निरोगी दिसणारे वाहक असले, तर प्रत्येक पिल्लाला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

शोकांतिकेत आपण नायकाचा दोष शोधतो. येथे पात्र निर्दोष आहे. शुद्ध वंशाच्या हव्यासापायी जवळच्या नात्यात पैदास करणारा माणूस मात्र तसा नाही. सरमेने जनमेजयाला अदृष्ट भयाचा शाप दिला. सदोष जनुक आता अदृष्ट उरलेले नाही. चाचणीने वाहक ओळखता येतो. ती टाळून पैदास करणे म्हणजे पिल्लाला जन्माआधीच मार देणे होय.