सोलापूरचा उन्हाळा आणि आपल्या हातची कात्री

सोलापूर पाहायचे तर थंडीत पाहावे, असे बहुतेक जण सांगतात. गड्ड्याची यात्रा जानेवारीत, ज्वारीच्या हुरड्याचे दिवसही त्याच सुमाराचे. आम्ही मात्र वाचकांना एप्रिल-मे महिन्यांतल्या सोलापुरात नेणार आहोत. पारा चाळिशीच्या पुढे गेलेला असतो, दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात आणि पत्र्याच्या घरात पंख्याचा वाराही गरम लागतो. अशा दिवसांत अंगावर काय घालावे, हा केवळ हौसेचा प्रश्न राहत नाही. तो आरोग्याचा आणि महिन्याच्या हिशेबाचा प्रश्न होतो. सोलापुरात हा प्रश्न विशेष करून पडतो, कारण हे शहरच मुळी कापडाचे आहे.

१८७७ साली येथे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी उभी राहिली. तीच पुढे ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली गेली. तिच्यामागून नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम या गिरण्या आल्या. भोंगा वाजला की शहर उठायचे आणि भोंगा वाजला की जेवायचे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे गाव सोडून या भोंग्याच्या भरवशावर येथे आली. आज तो भोंगा वाजत नाही. गिरण्या बंद पडल्या, त्यांची नावे तेवढी लोकांच्या तोंडी राहिली.

कापड मात्र शहर सोडून गेले नाही. साखर पेठ, अशोक चौक, दाजी पेठ या बाजूला गेलात की यंत्रमागांचा खटखटाट कानावर येतो. या भागाला येथील लोक ‘पूर्व भाग’ म्हणतात. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी तो वसवला. दुकानाच्या पाट्या तेलुगूतही दिसतात आणि उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बायांचे बोलणे तेलुगू-मराठी असे मिळूनमिसळून चालते. याच भागातून आणि अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून सोलापुरी चादर व टॉवेल देशभर जातात. जॅकार्डवर विणलेल्या या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण चादरीचे सूत जाड. ती पांघरायला उत्तम, अंगावर शिवायला नव्हे.

अंगावरच्या कपड्याचा धंदा येथे वेगळाच वाढला आहे, तो शाळेच्या गणवेशाचा. २०१७ साली गणवेश उत्पादकांचे मोठे प्रदर्शनही सोलापुरात भरले होते. परगावच्या मुलांच्या अंगावरचे शर्ट, पिनो, हाफ पँट येथल्या कारखान्यांत शिवून तयार होतात. त्या मशीनवर आपल्या आयाबहिणी बसलेल्या असतात. मजुरी नगावर मिळते. एक बाई कॉलर लावते, दुसरी खिसा, तिसरी बाही. कापड बेतण्याचे काम मास्तराकडे आणि कात्रीही मास्तराकडेच.

कॉलर लावणाऱ्या एका ताईंना आम्ही विचारले, “घरचे कपडे तुम्हीच शिवत असाल?” त्या हसल्या. म्हणाल्या, “कुठलं हो दादा! दिवसभर कॉलरी लावते, पण पोरीचा फ्रॉक बेतायला शिंप्याकडंच जावं लागतंय. नाहीतर जयंतीला रेडिमेड.”

ताईंच्या या उत्तरात सगळी गोष्ट आली. शिवण हातात आहे, पण बेतणे हातात नाही. म्हणून मजुरी कमी आणि घरी शिलाईचा खर्च पुन्हा वेगळा. जयंतीला, लग्नसराईला घेतलेला रेडिमेड ड्रेस बहुधा पॉलिस्टरचा असतो. तो चमकतो, पण घाम शोषत नाही. उन्हाळ्यात मुलांच्या मानेवर, काखेत घामोळे उठते ते यामुळेच वाढते.

यावर उपाय आहे. तो समजून घ्यायला मधल्या मारुतीजवळच्या चाटी गल्लीत चला. चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी. गल्लीचे नावच त्या धंद्यावरून. येथे जाताना मनाशी एक गोष्ट ठरवून जावी. ‘अमुक ड्रेस घ्यायचा’ असे न ठरवता ‘या उन्हाळ्याचे रंग कोणते’ हे ठरवावे. एकमेकांत अदलाबदल करून घालता येतील असे सुटे कपडे शिवायचे, यालाच शहरातल्या मुली मिक्स-मॅच म्हणतात.

आम्ही पडलो कारकून. आमचा जीव हिशेबात. तेव्हा हिशेबच मांडतो. ४४ इंच पन्ह्याचे कापड धरा. मध्यम बांध्याच्या बाईच्या गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला साधारण सव्वादोन मीटर लागते आणि साध्या सलवारीलाही तितकेच. चार ठरावीक जोड्या शिवल्या तर १८ मीटर कापड जाते आणि ड्रेस होतात चार. त्याऐवजी तीन सलवारी आणि चार कुर्ते शिवा. कापड जाते पावणेसोळा मीटर. आणि चारही कुर्ते तिन्ही सलवारींवर चालले तर ड्रेस होतात १२. कापड कमी आणि जोड तिप्पट. त्यावर दोन ओढण्या पुरतात.

यासाठी नियम एकच. खालचे कपडे बिनछपाईचे ठेवा: एक पांढरा, एक गडद निळा, एक करडा. छाप, चौकडा, रेघा काय असतील त्या वरच्या कपड्यांत असू द्या. मात्र प्रत्येक छापात या तीनपैकी निदान एक रंग असावा. दुकानदार दहा तागे उलगडून दाखवील, मन पिवळ्या-गुलाबीवर जाईल. पिशवीत या तीन रंगांच्या चिंध्या ठेवाव्यात आणि ताग्याला लावून पाहाव्यात. मुलीला स्कर्ट आणि वरचे झगे, मुलाला चड्डी आणि हाफ शर्ट, असाच हिशेब लावता येतो. साडी नेसणाऱ्या भगिनींनी याच रंगांची तीन सुती पोलकी शिवली तर घरातल्या पुष्कळ साड्यांना ती चालतात.

कापड सुतीच घ्यावे: पॉपलीन, केंब्रिक, वायल. विकणारा ‘प्युअर कॉटन’ म्हणेल. कडेचा एक दोरा मागून घ्या आणि घरी पेटवून पाहा. सूत कागदासारखे जळते आणि मऊ राख होते. पॉलिस्टरचा दोरा वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. कारखान्यांतून निघणारे गणवेशाचे कटपीस स्वस्त मिळतात, पण त्यांत टेरिकॉट पुष्कळ असते. ते पिशव्यांना, दप्तराला वापरावे. मुलांच्या अंगाला उन्हाळ्यात नको.

आता बेतण्याकडे वळू. कोरे कापड रात्रभर पाण्यात भिजवून, सावलीत वाळवून, इस्त्री करूनच कापावे. सुती कापड आटते. न भिजवता शिवले तर पहिल्या धुण्यातच कुर्ता दंडाला आवळतो. गडद रंग वेगळा भिजवावा, म्हणजे तो सुटतो की नाही तेही कळते. अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता उसवून त्याचे भाग वर्तमानपत्रावर ठेवावेत आणि खडूने आखून घ्यावेत. हाच आपला नमुना. कापडाचा उभा धागा अंगाच्या उंचीच्या दिशेने यायला हवा, नाहीतर कपडा एका बाजूला ओढला जातो. छातीत चार बोटे सैल ठेवावे, बाही कोपरापर्यंत घ्यावी, म्हणजे वारा खेळतो आणि ऊनही लागत नाही. वाढत्या मुलीच्या झग्याला बाजूला दीड इंच माया आणि खाली तीन इंच दुमड ठेवली की तोच झगा पुढच्या उन्हाळ्यालाही होतो.

पहिल्यांदा सलवार बेतावी. तिला नेफा आणि सरळ शिवणी, चुकायला जागा कमी. मग कुर्ता, आणि गळा-बाही जमली की पोलके. उरलेल्या पट्ट्यांच्या गळपट्ट्या, खिसे, नाड्या होतात. आईचे जुने सुती लुगडे फाटले असेल तर त्याचा धड भाग बाळाच्या झबल्यांना वापरावा. धुऊन धुऊन मऊ झालेले ते कापड तान्ह्या अंगाला फार चांगले.

पांढरा रंग आम्ही मुद्दाम धरला आहे. बुधवार पेठेत मिलिंदनगरच्या प्रेरणाभूमीवर किंवा आपापल्या वस्तीतल्या विहारात वैशाख पौर्णिमेला आपण शुभ्र वस्त्रे घालून जातो. पण तो पांढरा जोड मग वर्षभर पेटीत पडून राहतो आणि पिवळा पडतो. अदलाबदलीच्या कपड्यांत तोच पांढरा कुर्ता सोमवारी निळ्या सलवारीवर कामाला जातो आणि पौर्णिमेला पांढऱ्यावर विहारात येतो.

अंगावरचे कापड ही आपल्याकडे कधीच लहान गोष्ट नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि जात दाखवणारे जड दागिने टाकायला सांगितले. कपड्यावरून माणूस ओळखायची आणि त्याला त्याची जागा दाखवायची, ही रीत त्यांना मोडायची होती. त्या बायांनी ते ऐकले आणि लगेच अमलात आणले. आज लुगड्याची ती सक्ती नाही. पण दुसऱ्याच्या मुलांचे गणवेश शिवणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलीचा झगा बेतता येऊ नये, हेही एक प्रकारचे अडवणेच आहे.

म्हणून आमची सूचना आहे. विहाराच्या सभागृहात रविवारी दुपारी दोन तास एक मशीन, एक लांब टेबल आणि दोन चांगल्या कात्र्या मांडाव्यात. वस्तीत बेतणे येणारी एखादी ताई किंवा निवृत्त मास्तर असतोच. त्यांना मानाने बोलवावे. शिवण शिकवण्याची गरज नाही, ती आपल्या बायांच्या हातात आहेच. फक्त बेतणे शिकवावे. तीन महिन्यांत दहा जणींच्या हातात कात्री आली, तर त्यांतल्या दोघी-तिघी कारखान्यात कॉलरीवरून उठून कटिंगच्या टेबलावर जायचे मागणे करू शकतील. कुणी घरीच चार शेजाऱ्यांचे कपडे बेतून देईल.

जूनमध्ये शाळा सुरू होतात आणि फी, वह्या, दप्तर असे सगळे खर्च एकदम येतात. मार्चमध्ये कापड भिजवले आणि एप्रिलमध्ये मशीनवर बसले, तर जयंतीचा कपडाही त्यातच होतो आणि जूनसाठी हातात चार पैसे राहतात. रंग ठरवायला मात्र मुलींना सोबत घ्या. चाटी गल्लीत कापड त्यांनाच निवडू द्या, आणि पहिली कात्रीही त्यांच्याच हातात द्या.