परसातले ससे

ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रातल्या लहान गावांत आणि शहरांच्या कडेच्या कॉलन्यांत आम्ही जे वाढलो, त्यांतल्या कित्येकांच्या परसात सशांचा पिंजरा असायचा. लाकडी खोक्याला पुढून जाळी मारलेली, खाली विटा, वर पत्रा, आणि आत लाल डोळ्यांचे पांढरे ससे. मुंबईहून येताना एखादा मामा क्रॉफर्ड मार्केटातून जोडी घेऊन यायचा, नाहीतर शेजारच्यांकडची पिल्लं टोपलीतून घरी यायची. शेजारी पैसे घेत नसत. पुढच्या विणीतली दोन पिल्लं परत करायची, एवढाच व्यवहार.

जातींची नावं तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हती. ‘पांढरा’, ‘करडा’, ‘पट्ट्याचा’ एवढ्यावर भागायचं. आज कळतं, तो थोराड पांढरा म्हणजे न्यूझीलंड व्हाइट किंवा त्याचा संकर, पूर्ण वाढला की चार-पाच किलो भरणारा. चंदेरी झाक असलेला करडा म्हणजे सोव्हिएत चिंचिला. खांद्यांभोवती आणि तोंडावर पांढरा पट्टा असलेला चिमुकला डच, जेमतेम दोन किलोंचा.

नावं माहीत नसली तरी निवड मात्र पारखून व्हायची, आणि ती आजीच्या हातची असायची. मानेवरची सैल कातडी एका हातात, दुसरा हात बुडाखाली, असं पिल्लू उचलायचं. कान धरून उचललेलं तिला खपत नसे. मग ओठ वर सारून ती पुढचे दात बघायची. सशाचे दात जन्मभर वाढतात. वरचे-खालचे नीट जुळले नाहीत तर ते झिजत नाहीत आणि जनावराला खाता येईनासं होतं. शेपटीखालची जागा कोरडी हवी. पुढच्या पायांच्या आतली लव मोकळी हवी, कारण ससा वाहतं नाक पायांनीच पुसतो आणि लव चिकटलेली असली की सर्दी लपत नाही. रंगाचा विचार सगळ्यांत शेवटी.

आम्हां मुलांना चित्रात पाहिलेला लांब लोकरीचा अंगोरा हवा असे. त्याला घरातून ठाम नकार मिळायचा, आणि तो योग्यच होता. हिमाचलात कुलू भागात अंगोरा लोकरीसाठी पाळतात, कारण तिथली हवा थंड. सशाला घामाने अंग थंड करता येत नाही. उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांवाटे. आमच्याकडे साध्या पांढऱ्या सशासाठीही मे महिन्यात पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकावं लागे आणि सावलीत जुना माठ आडवा पुरून ठेवावा लागे. दुपारभर ससे त्या माठात पडून राहत.

शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लूही घरात येऊ दिलं जात नसे. तो प्राणीच वेगळा. त्याची पिल्लं अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात, आणि 1972च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. पाळीव सशाची पिल्लं मात्र उघडी-नागडी, डोळे मिटलेली. महिनाभराचे दिवस भरत आले की मादी छातीपोटाची लव उपटून गवतात घालू लागायची. ते दिसलं की आजी नराला दुसऱ्या खोक्यात हलवायची, कारण मादी व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते. मादी दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटं पाजते. बाकी वेळ पिल्लांकडे फिरकतही नाही. आम्ही काळजीत पडायचो. आजी बोटाने लव बाजूला करून दाखवायची: पोटं गोल आणि घट्ट आहेत, म्हणजे पाजलंय. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडले की आमचा जीव भांड्यात पडायचा.

खाणं म्हणजे आमची सकाळची नेमलेली कामं: हरळी, घास, मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या. पावसात ओला चारा पसरून सुकवल्याशिवाय आत जात नसे. गाजर सणासुदीला एखादा तुकडा, कारण सशाचं पोट चालतं ते गवताच्या चोथ्यावर. लेंड्या शेवग्याच्या बुंध्याशी जायच्या. शाळेआधी पिंजरा झाडल्याशिवाय न्याहारी नाही, हा नियम जवळपास प्रत्येक घरात होता. जिवंत प्राण्याची जबाबदारी आम्ही तिथेच शिकलो.

आता दुकानात जातीचं नाव आणि लोंबते कान पाहून ससा घेतला जातो. घेणाऱ्यांना कळकळीचं सांगणं एवढंच: आधी आपल्या गावचा उन्हाळा बघा, मग दात बघा, नर की मादी ते जाणकाराकडून तपासून घ्या, आणि मगच रंग निवडा. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं जगतो. तेवढी वर्षं रोज सकाळी गवत आणणारं कुणी घरात असेल, तरच त्याला घरी आणा.