वाढीला वेसण : लहान बागेतील जोमदार शोभिवंत वनस्पती

शोभेसाठी लावलेली वनस्पती नेमून दिलेली जागा ओलांडून शेजारच्या रोपाचे ऊन, पाणी आणि माती बळकावू लागते, तेव्हा बागकामाच्या भाषेत तिला जोमदार म्हणतात. रोपवाटिकेत हा शब्द कौतुकाने वापरला जातो आणि तो चुकीचाही नसतो, कारण जोम हा त्या वनस्पतीचा गुणच असतो. प्रश्न फक्त जागेचा असतो. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये गारंबीसारखी महावेल एका वृक्षावरून दुसऱ्यावर पसरते आणि लोक ती मुद्दाम पाहायला जातात, कारण तिथे तिला तेवढी उंची आणि तेवढी जमीन मिळालेली आहे. बारा फूट रुंद आणि वीस फूट लांब अशा अंगणात मात्र जोमदार वनस्पतीने टाकलेले प्रत्येक पाऊल दुसऱ्या कुणाच्या तरी आळ्यात पडते.

प्रस्तुत लेखन अशाच एका अंगणाच्या आधारे केलेले आहे. हे अंगण पुण्यात, एका टेकडीच्या उताराखाली असून त्याची एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि मागच्या कुंपणापलीकडून नाला वाहतो. प्रस्तुत लेखिकेने या बागेत पहिली सहा-सात वर्षे एकच उपाय केला, तो म्हणजे जे वाढले ते कापणे. आणि त्या काळात बाग कधीही आटोक्यात आली नाही. नंतर ती आली, ती अधिक मेहनतीने नव्हे, तर वनस्पती नेमकी कोणत्या अवयवाने पसरते हे आधी पाहण्याची सवय लागल्यामुळे. जमिनीवर धावणारे खोड, जमिनीखालचा गड्डा, मुळावरचा फुटवा आणि उडणारे बी यांवरचे उपाय निरनिराळे आहेत आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला असता पुष्कळदा पसारा वाढतोच.

वेडेलियाचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि सोसायट्यांच्या कडेने दिसणारी, पिवळ्या फुलांची ही वनस्पती मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतील असून, जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आक्रमक परकीय जीवजातींच्या प्रसिद्ध यादीत तिचा समावेश आहे. आक्रमक परकीय जाती म्हणजे माणसाने मूळ प्रदेशाबाहेर नेलेली आणि तिथे आपोआप पसरून स्थानिक जीवसृष्टीला मागे सारणारी जाती. वेडेलिया बियांपेक्षा खोडाने पसरते. तिचे खोड जमिनीवर आडवे धावते आणि प्रत्येक पेराशी, म्हणजे खोडावर जिथून पानांची जोडी फुटते त्या गाठीशी, मुळे धरते. अंगणातील पपनसाच्या झाडाखाली गवत तग धरत नव्हते, म्हणून लेखिकेने शेजारून आणलेल्या हातभर लांबीच्या चार कांड्या तिथे खोचल्या. पहिल्या पावसाळ्यात त्यांनी झाडाखालची सगळी माती झाकली, तेव्हा घरात सर्वांना समाधान वाटले. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी विटांची कड ओलांडून लिलीचे कंद झाकले, आणि तिसऱ्यात तुळशीवृंदावनाच्या जोत्याच्या भेगेतही त्यांची मुळे शिरली.

यानंतर जे घडले तो दोष पूर्णपणे लेखिकेचा होता. वेडेलिया विळ्याने कापून तिचे तुकडे कंपोस्टच्या खड्ड्यात टाकण्यात आले आणि त्या वर्षीचे कच्चे खत सगळ्या वाफ्यांना घालण्यात आले, त्यामुळे जी वनस्पती एका कोपऱ्यात होती ती साऱ्या बागेत उगवली. कापलेल्या वेलांची एक गोणी ऐन आषाढात पडवीत आठवडाभर तशीच राहिली होती. ती उघडली तेव्हा आतली पाने काळी पडून चिकट झाली होती, पण खोडाच्या जवळजवळ प्रत्येक पेरावर सुताएवढी जाड आणि नखाएवढी लांब पांढरीशुभ्र मुळे फुटलेली होती. गोणीतल्या अंधारात, मातीचा कणही नसताना फुटलेली ती मुळे पाहिल्यावर कापणे आणि नाहीसे करणे या दोन क्रियांमधला फरक पुन्हा समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

वेडेलिया काढण्याची योग्य वेळ अखेर दिवाळीच्या सुमारास सापडली, कारण त्या सुमारास जमिनीत वाफसा असतो. वाफसा म्हणजे पाऊस ओसरल्यानंतर मातीची अशी स्थिती, की ती चिखलासारखी हाताला चिकटत नाही आणि ढेकळासारखी कडकही झालेली नसते. अशा मातीतून खुरप्याने सैल केलेले खोड मुळांसकट, न तुटता, ओढून काढता येते आणि तुकडा राहिलाच तरी त्याला पुन्हा जोर देणारा पाऊस जवळ नसतो. उपटलेले वेल गच्चीच्या उघड्या फरशीवर उन्हात पसरून, हातात चुरगळल्यावर चुरा होईपर्यंत वाळवावे लागतात. त्यानंतरही दोन वर्षे दर पंधरवड्याला प्रत्येक वाफा बोटांनी चाचपून पाहावा लागला. आज त्या बागेत वेडेलिया नाही, आणि इतक्या लहान जागेत ती मुळीच लावू नये असे लेखिकेचे ठाम मत आहे.

मधुमालतीबाबत मात्र असे टोकाचे मत देता येत नाही. संध्याकाळी पांढरी उमलून पुढे गुलाबी आणि मग लाल होत जाणारी तिची फुले आणि त्यांचा रात्रीचा सुगंध यांसाठी पुष्कळ श्रम सोसावेत, अशीच ती वेल आहे. तिच्या वाढीतली खरी अडचण वनस्पतिशास्त्रात अग्रवर्चस्व या नावाने ओळखली जाते. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होऊन खाली वाहते आणि त्यामुळे पानांच्या बगलेतले कोंब दबून राहतात. शेंडा खुडला की हा दाब उठतो आणि एका फांदीच्या जागी तीन-चार फांद्या धावू लागतात. शेंड्यातून खाली जाणाऱ्या अशा एखाद्या प्रभावाकडे चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, गवताचे कोवळे कोंब प्रकाशाकडे का वळतात या संदर्भात, लक्ष वेधले होते. लेखिका दर जूनमध्ये सिकेटरने मधुमालतीचे सगळे शेंडे सारखे करीत असे आणि श्रावणात वेल दुप्पट दाट झालेली पाहून पुन्हा तेच करीत असे. म्हणजे ज्या क्रियेने कुंपण दाट करतात तीच क्रिया वेल आवरण्यासाठी केली जात होती.

त्याऐवजी विरळणी, म्हणजे निवडलेली अख्खी फांदी तिच्या उगमापाशी काढणे, उपयोगी पडली. दर वर्षी बहर ओसरला की चार मुख्य खोडे ठेवून बाकीची बुंध्याशी काढायची आणि जमिनीतून वर येणारे फुटवे बोटभर उंचीचे असतानाच मातीखाली हात घालून मुळापासून हिसकायचे, कारण ते वरून कापले तर पुन्हा येतात. या कामात हात सांभाळावा लागतो. मधुमालतीचे पान गळते, पण त्याच्या देठाचा तळ खोडावरच राहून कडक होतो आणि आकड्यासारखा वाकतो. त्याच्याच आधाराने वेल चढते आणि ओढून काढताना तोच सदऱ्याच्या बाहीत व मनगटात रुततो. म्हणून लांब वेल ओढण्यापेक्षा हात-हातभर तुकडे करून काढणे सोपे जाते.

सोनटक्क्याचा प्रश्न जमिनीखालचा आहे. हळद-आल्याच्या कुळातली ही वनस्पती गड्ड्याने, म्हणजे आडव्या वाढणाऱ्या मांसल भूमिगत खोडाने पसरते, आणि गौरी-गणपतीच्या दिवसांत तिची फुले देवापुढे ठेवणाऱ्या घरात ती काढून टाकण्याचा विचारही कुणाला रुचत नाही. इथे कात्रीचा काही उपयोग नसतो. वरचे दांडे कापले तरी गड्डा आपल्या वाटेने पुढे सरकत राहतो. लेखिकेने प्लास्टिकच्या जुन्या पिंपाचा तळ कापून ते दीड फूट जमिनीत पुरले आणि त्याचा काठ मुद्दाम दोन इंच वर ठेवला, कारण काठ मातीबरोबर असला तर गड्डा सहज त्यावरून पलीकडे उतरतो. दर तीन वर्षांनी पिंपातली दाटी उपसून, डोळे असलेले चार-पाच ताजे गड्डे शेणखत घालून परत लावले जातात. या उपायाने फुले कमी झाली नाहीत, उलट दांडे अधिक जाड येऊ लागले.

शोभेच्या नेच्याला, ज्याला रोपवाटिकेत नेफ्रोलेपिस म्हणतात, कुंडीतच ठेवणे बरे, कारण त्याची तारेसारखी बारीक धावती खोडे विटांच्या सांध्यांतूनही वाट काढतात; कुंडीसुद्धा मातीवर न ठेवता फरशीवर ठेवावी. जांभळ्या फुलांच्या रुएलियाचे नियंत्रण घड्याळावर अवलंबून असते. तिच्या सुकलेल्या शेंगांवर पाणी पडले की त्या टचकन फुटून बिया दूर फेकतात, म्हणून शेंगा हिरव्या असतानाच तोडाव्या लागतात. बोगनवेल आवरणे त्यामानाने सोपे आहे, कारण तिचा जोम पाण्यावर चालतो. पावसाळ्यानंतर तिचे पाणी तोडले की फांद्यांची धाव मंदावते आणि ज्यांना लोक फुले समजतात ती रंगीत छदे, म्हणजे खऱ्या, लहान, पांढुरक्या फुलांभोवतीची पाने, भरभरून येतात.

या सर्व अनुभवातून परदेशी ते उपद्रवी आणि देशी ते निरुपद्रवी अशी सरळ विभागणी करता येत नाही. हिमालयाच्या परिसरातला सोनटक्का क्युबाचे राष्ट्रीय फूल मानला जातो आणि ब्राझीलमध्ये ओढ्याकाठची आक्रमक वनस्पती ठरलेला आहे. तरीही बागेबाहेर होणाऱ्या हानीचा विचार टाळता येत नाही, कारण टणटणी, जिला घाणेरीही म्हणतात, ती शोभेसाठीच भारतात आणली गेली आणि आज तिने कितीतरी टेकड्या व जंगले व्यापलेली आहेत. नद्यांवर पसरणारी जलपर्णीही तिच्या सुंदर फुलांसाठीच दक्षिण अमेरिकेतून बाहेर नेली गेली. लहान बागेच्या मालकाच्या हातून हीच गोष्ट छाटणीच्या ढिगाने होते. लेखिकेच्या कुंपणामागच्या नाल्याकाठी आज सुमारे तीस फूट लांबीचा वेडेलियाचा पट्टा आहे, आणि तो ज्या ठिकाणी सुरू होतो त्या ठिकाणी पहिली दोन वर्षे या अंगणातला पाला टाकला जात होता. दर हिवाळ्यात त्यातला थोडा भाग खणून काढला जातो, पण पावसात नाल्याचे पाणी कांड्या पुढे नेते. ज्यांच्या घरी अशा वेली आहेत त्यांनी छाटलेल्या फांद्या टेकडीवर किंवा नाल्यात टाकू नयेत. उन्हाळ्यात त्या फरशीवर वाळवाव्यात आणि पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या पिंपात, पाण्यात बुडवून, पूर्ण कुजेपर्यंत ठेवाव्यात.