गुरुवारची ओपीडी

आण्णांच्या पायाला सूज आली तेव्हा ज्वारीची काढणी चालू होती. दिवसभर रानात वाकून काम, म्हणून आम्ही तिकडं लक्ष दिलं नाही. मग तोंडही सुजायला लागलं. दहिवडीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि म्हणाले, "किडनीचं दिसतंय. पुण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा, वेळ घालवू नका."

शेजारच्या पोरानं मोबाईलवर दवाखान्याची वेबसाइट उघडली. वर इमारतीचा भला मोठा फोटो, खाली मिळालेली बक्षिसं, विश्वस्तांची नावं, सगळं इंग्रजीत. किडनी म्हणून शोधलं तर 'युरॉलॉजी' निघालं. वार गुरुवार. आम्ही पहाटेची एसटी धरून फलटणमार्गे स्वारगेटला उतरलो.

केसपेपरच्या रांगेत दोन तास गेले. आत गेल्यावर कळलं, हे डॉक्टर मुतखड्याचे, ऑपरेशनवाले. किडनी निकामी व्हायला लागते त्याचे डॉक्टर वेगळे, त्याला नेफ्रॉलॉजी म्हणतात, आणि ते शुक्रवारी. रात्र दवाखान्याच्या व्हरांड्यात काढली. शुक्रवारी डॉक्टरांनी भरती व्हा म्हणून सांगितलं, तर महात्मा फुले योजनेच्या टेबलावर आरोग्यमित्रानं रेशनकार्ड मागितलं. ते घरी, ट्रंकेत. पोरगा शनिवारी घेऊन आला, तोवर टेबल बंद. योजनेत नाव लागायला सोमवार उजाडला, आणि त्याच रात्री आण्णांना धाप लागली म्हणून डायलिसिसला घेतलं.

ह्या चार दिवसांनी किती फरक पडला, ते डॉक्टर बोलले नाहीत. आम्हीही विचारलं नाही. आठवड्याला दोन डायलिसिस करत आण्णा दोन वर्षं जगले.

त्यांची लेक तेव्हा कॉलेजात होती. परीक्षा चालू म्हणून आण्णांनी तिला कळवूच दिलं नव्हतं. ते तिच्या मनात राहिलं. आता ती पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. मागच्या वर्षी तिच्या कंपनीकडं एका दवाखान्याची वेबसाइट नव्यानं करायचं काम आलं. दवाखाना दुसरा, पण वेबसाइट तसलीच. तिनं मला बोलावून घेतलं.

"नाना, हा मोबाईल धरा. आण्णांना किडनीच्या डॉक्टरकडं न्यायचंय. शोधा. मी काही सांगणार नाही."

नुसती बघत बसली. मी बोट लावतोय, नको ते उघडतंय, परत मागं येतोय. घाम फुटला. दहा मिनिटांनी म्हटलं, "पोरी, हे मला जमायचं न्हाई." ती म्हणाली, "तुम्हाला जमत नाही म्हणजे आमचं चुकलंय." आणि वहीत लिहून घेतलं.

मग तिनं नवीन केलेलं पान दाखवलं. मराठीत होतं, पण वर 'बाह्यरुग्ण विभाग' आणि 'मूत्रपिंड विकार'. मी म्हटलं, गावात असं कोण बोलतं? ओपीडी लिही, किडनी लिही. पायाला सूज, लघवी कमी होते, असं लिहिलंस तर माणूस बरोबर दारात येईल. खडा वेगळा, किडनी निकामी वेगळी, हे तिथंच सांग. आणि कागदाचं सगळ्यात वर घे: रेशनकार्ड, आधार, जुने रिपोर्ट घरातनं निघतानाच पिशवीत टाका. सोबतच्या माणसानं रात्री कुठं झोपायचं तेही घाल. इमारतीच्या फोटोचं मात्र भांडण झालं. आमच्याकडं नेटची एक दांडी असते, फोटो उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. विश्वस्तांना तो हवाच होता. शेवटी लहान करून खाली गेला. फोन लावायचं बटण वर आलं.

वेबसाइट सुरू झाली. गावातली माणसं आता निघायच्या आधी माझ्याकडं येतात, मी वार बघून देतो. दिवाळीनंतर एका घरच्यांना शुक्रवार सांगितला. ते गेले, तर डॉक्टर आठवडाभर रजेवर. रात्री पुतणीला फोन केला, जरा रागानंच.

"नाना, रजा तिथं दवाखान्यातल्या माणसानं भरायची असते. तो भरत नाही."

"मग त्याला माझ्यापुढं बसव," मी म्हटलं.

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेली आणि तिथूनच मला फोन लावून त्या माणसाच्या हातात दिला.